घर बदलेल, वाटी नाही: पथ्यावरच्या मांजराला घेऊन स्थलांतर

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. पण ते बिऱ्हाड तिचं तिनं ठरवलेलं असतं. जागा ती स्वतः हुंगून आलेली असते, वेळ तिच्या सोयीची असते. आपण घर बदलतो तेव्हा तिला कोणी विचारत नाही. एके दिवशी खोकी येतात, तिच्या झोपायच्या कपाटाखालची जमीन उघडी पडते आणि अनोळखी पावलं घरभर फिरायला लागतात.

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून आणलेल्या मांजरानं हा अनुभव आधी एकदा घेतलेला असतो. हातातलं सगळं एका दिवसात जाऊ शकतं, हे त्याला ठाऊक असतं. त्यात त्याला मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, मूतखडे किंवा अन्नाची अ‍ॅलर्जी असेल, तर घर बदलताना खरी काळजी सामानाची नसते, त्याच्या वाटीची असते.

आमची कबरी मूत्रपिंडाच्या पथ्यावर आहे. तिला घेऊन मी दोनदा घर बदललंय. पहिल्या वेळी उत्साहाच्या भरात नवी वाटी घेतली, पाण्याचं कारंजं घेतलं आणि पथ्याच्या खाण्याचा प्रकारही त्याच आठवड्यात बदलला. सगळं एकदमच नवं सुरू करू, असा माझा विचार. तिनं दोन दिवस वाटीला तोंड लावलं नाही. तेव्हापासून एकच नियम पाळते: भिंती बदलणार असतील, तर वाटी, वाटीतलं खाणं, खायची वेळ आणि वाढणारा हात यांतलं काहीही बदलायचं नाही. पुढचं सगळं या नियमाभोवतीच आहे.

पथ्य कसलं आहे, ते आधी नीट समजून घ्या

‘स्पेशल फूड चालू आहे’ एवढं माहीत असणं पुरत नाही. घर बदलताना कधी ना कधी घोळ होतोच, आणि कुठल्या घोळाला माफी आहे नि कुठल्याला नाही, हे आजारावर ठरतं.

अ‍ॅलर्जी शोधण्यासाठी ठरावीक प्रथिनाचं खाणं चालू असेल, तर साधारण आठ आठवडे त्याशिवाय दुसरं काही पोटात जाता कामा नये. सामान हलवायला आलेल्या पाहुण्यानं कौतुकानं एक ट्रीट दिली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही चाचणी घर बदलण्याच्या आधी संपवा किंवा डॉक्टरांना विचारून नंतर सुरू करा. मधोमध अडकवू नका. थायरॉइड वाढलेल्या मांजराला कमी आयोडीनचं खाणं चालू असेल तर त्याचंही तसंच. इकडेतिकडे खाल्लेले चार घास पथ्याचा उपयोग घालवतात.

मूत्रपिंडाच्या आजारात गणित उलटं आहे. कमी फॉस्फरसचं खाणं महत्त्वाचं खरं, पण चार दिवस पथ्य सैल झालं तर चालू शकतं; चार दिवस उपास चालत नाही. कोणतंही मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते आणि ‘फॅटी लिव्हर’ होऊन जिवावर बेतू शकतं. अंगानं भरलेल्या मांजरांना हा धोका जास्त. म्हणून अशा मांजरासाठी डॉक्टरांकडून आधीच एक पर्यायी यादी घ्या: पथ्याचं खाल्लंच नाही तर काय द्यायचं, किती द्यायचं, किती दिवस द्यायचं.

मधुमेहात वेळ ही अर्धी गोष्ट आहे. इन्सुलिन बहुतेक वेळा बारा-बारा तासांनी असतं आणि खाण्याशी जोडलेलं असतं. मांजर जेवलं नाही तर नेहमीचा पूर्ण डोस तसाच टोचायचा नाही. मग किती द्यायचा किंवा द्यायचाच नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. निघायच्या दिवशी सकाळी फोन लागेलच, असं नाही. दुसरं म्हणजे, भीतीनं मांजराची साखर वाढते. नव्या घरातल्या पहिल्या दिवशी आकडा चढलेला दिसला म्हणून स्वतःच्या मनानं डोस वाढवू नका. भीती ओसरली की साखर उतरते आणि वाढवलेला डोस अंगावर येतो.

खड्यांचा त्रास असलेल्या मांजराचं सगळं पाण्यावर अवलंबून आहे, आणि बोक्यांच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. मनावर ताण आला की मूत्राशयाचा त्रास उफाळतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्यानं ती तुंबू शकते. लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या मातीच्या, ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर ते ‘बद्धकोष्ठ असेल’ म्हणून सोडून देऊ नका. ही तातडीची वेळ आहे, सकाळची वाट बघायची नाही. नव्या गावातला चोवीस तास चालणारा दवाखाना तिथे जाण्याआधी शोधून ठेवायचा, तो यासाठीच.

खाण्याचा साठा: हिशेब मांडूनच

आजपासून आठवडाभर मांजर रोज किती खातं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजून लिहा. त्यावरून किमान सहा आठवड्यांचा साठा करा: दोन आठवडे निघण्याआधीचे, एक धावपळीचा, तीन नव्या घरातले. पथ्याच्या बऱ्याच खाण्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि नव्या डॉक्टरांची ओळख होऊन चिठ्ठी मिळेपर्यंत दिवस जातात. कंपनी तीच असून भागत नाही. चव तीच आणि रूपही तेच हवं. ‘पाटे’, म्हणजे मऊ लगदा, खाणारं मांजर त्याच खाण्याचे रश्शातले तुकडे चाटून बाजूला ठेवू शकतं. मुदतीची तारीख प्रत्येक डब्यावर बघा.

या साठ्यातलं दोन आठवड्यांचं खाणं सामानाच्या गाडीत चढवायचं नाही. ते तुमच्याबरोबर, तुमच्या पिशवीत. गाडी उशिरा पोचते, खोकी चुकीच्या खोलीत पडतात, आणि ‘मांजर – खाणे’ लिहिलेलं खोकं नेमकं बावीस खोक्यांच्या तळाशी सापडतं.

देश बदलत असाल तर एक गोष्ट आधी तपासा: मांस असलेलं खाणं अनेक देश आत आणू देत नाहीत, मग ते मांजराचं असलं तरी. तसं असेल तर तेच खाणं तिकडे कुठल्या नावानं मिळतं, ते आधीच विचारून ठेवा.

खाणं बदलायचंच असेल तर? एरवी नवं खाणं सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं मिसळत, चढवत न्यायचं असतं. तो बदल निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी पूर्ण करा, नाहीतर नव्या घरात रुळल्यावर हाती घ्या. कारण मांजराची आठवण पक्की असते. मळमळत असताना किंवा घाबरलेलं असताना समोर आलेलं खाणं त्याच्या मनात त्या त्रासाशी जोडलं जातं, आणि पुढे बरं वाटल्यावरही ते त्याला शिवत नाही. पथ्याचे प्रकार मुळात मोजके. त्यातला एक कायमचा हातचा गेला तर पंचाईत होते.

कॅरिअरशी मैत्री, तीही खाण्याच्या जोरावर

निवाऱ्यातून आलेल्या मांजराला पिंजरा म्हटला की पकडलं गेल्याचा दिवस आठवतो. त्यामुळे निघायच्या सकाळी कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, माळ्यावरून काढून त्यात मांजर कोंबणं हा सगळ्यात वाईट मार्ग, आणि आपण बहुतेक जण नेमकं तेच करतो. माझे हातही त्याची साक्ष देतील.

तीन-चार आठवडे आधी कॅरिअर काढा. वरूनही उघडणारं आणि कडक प्लास्टिकचं असेल तर उत्तम. दार काढून टाका किंवा मागे बांधून ठेवा, आत मांजराची रोजची चादर घाला आणि ते त्याच्या आवडत्या कोपऱ्यात ठेवून विसरून जा. पहिले काही दिवस वाटी कॅरिअरपासून दोन हातांवर ठेवा. मांजर निवांत जेवत असेल तर रोज थोडी जवळ सरकवा. मग दाराशी, मग आत उंबऱ्यापाशी, मग पार शेवटच्या टोकाला. कुठल्याही दिवशी जेवण कमी झालं किंवा मांजर मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून खायला लागलं, तर एक पायरी मागे या. आत निवांत जेवायला लागल्यावर दार एका मिनिटासाठी लावा आणि जेवण संपायच्या आत उघडा. मग पाच मिनिटं, मग उचलून घरातल्या घरात एक फेरी, मग गाडीत बसून नुसतं इंजिन सुरू करणं.

इथे एक मोह टाळायचा. आमिष म्हणून बाजारातल्या ट्रीट वापरायच्या नाहीत. मूत्रपिंड, अ‍ॅलर्जी, खडे, सगळ्यांची त्यात वाट लागते. रोजच्या मापातलाच वाटा बाजूला काढा आणि तोच आमिष म्हणून द्या. दिवसाचं एकूण माप तेच राहतं.

सामान बांधायचे दिवस

घरातली एक खोली शेवटपर्यंत हलवायची नाही. तिथे मांजराची वाटी, पाणी, ट्रे, अंथरूण. बाकी घर रिकामं होत जाईल तसं मांजर आपोआप त्या खोलीत येऊन राहायला लागतं. अंथरुणं धुवू नका. त्यांना येणारा वास हीच पुढे नव्या घरातली त्याची ओळखीची खूण आहे.

याच दिवसांत दर आठवड्याला वजन करा. मांजराला उचलून माणसांच्या काट्यावर उभं राहायचं आणि वजा करायचं, ही पद्धत ढोबळ आहे. लहान बाळांचा काटा मिळाला तर बघा. चार किलोच्या मांजराचं वजन दोनशे ग्रॅमनं घटलं म्हणजे शरीराचा विसावा हिस्सा गेला, आणि डोळ्यांना ते कळतही नाही.

पाण्याचाही अंदाज घ्या. मांजराला दिवसाला किलोमागे साधारण पन्नास मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे चार किलोच्या मांजराला दोनशे. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम दहावा हिस्सा. मूत्रपिंड किंवा खड्यांचा त्रास असलेलं मांजर प्रवासाच्या दिवशी पाण्याला तोंड लावेलच असं नाही, म्हणून त्याला ओल्या खाण्याची सवय आधीपासून असेल तर ती तेव्हा उपयोगी पडते.

हातातल्या पिशवीत काय असावं, हे ज्याच्या त्याच्या आजारावर आहे, पण माझ्या पिशवीत या गोष्टी असतात:

- दोन आठवड्यांचं खाणं, जुनी वाटी, चमचा, वजनकाटा
- औषधं, आणि त्यांची नावं, डोस व वेळा लिहिलेला कागद
- ताजे तपासणी अहवाल आणि लसीकरणाची नोंद, कागदावर आणि फोनमध्येही
- जुन्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर, घट्ट बंद पिशवीत
- जुन्या नि नव्या, दोन्ही डॉक्टरांचे फोन

कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एक ओळ: ‘याला यातलंच खायला द्या, दुसरं काही नको.’ वाटेत तुम्हालाच काही झालं, मांजर दुसऱ्याच्या हाती गेलं, तर तो कागद बोलेल.

मूत्रपिंडाच्या मांजरांना कधी कधी फॉस्फेट शोषणारं औषध चालू असतं. ते खाण्याबरोबर पोटात गेलं तरच काम करतं, त्यामुळे ते औषधांच्या डब्यात न ठेवता खाण्यासोबतच ठेवा. कडू गोळ्या मात्र मुख्य जेवणात लपवू नका. पकडले गेलात तर जेवणावरचाच विश्वास उडतो.

निघायचा दिवस

माणसं सामान उचलायला येण्याआधी मांजर त्याच्या खोलीत, दार बंद, दारावर मोठी चिठ्ठी: ‘आत मांजर आहे, उघडू नका.’ त्या खोलीतलं सामान सगळ्यात शेवटी.

प्रवासाच्या तीन-चार तास आधी हलकं जेवण द्यावं म्हणजे गाडीत उलटी होण्याची शक्यता कमी होते. मधुमेही मांजराचा अपवाद. त्याचं जेवण नि इन्सुलिन यांची वेळ डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच, आणि निघायची वेळ त्या हिशेबानं. इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं, पण गोठता कामा नये. बाटली बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये कापड घाला. वाटेत मांजर लटपटायला लागलं, झिंगल्यासारखं झालं, तर साखर घसरलेली असू शकते. मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटानं हिरड्यांवर चोळा आणि जवळचा दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

फार घाबरणाऱ्या मांजरांसाठी डॉक्टर बऱ्याचदा गॅबापेंटिन देतात. ते साधारण दोन-तीन तास आधी द्यायचं असतं आणि घरी एखाद्या निवांत दिवशी एकदा देऊन बघावं, म्हणजे मांजर कसं वागतं ते कळतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर त्याचा डोस कमी करावा लागतो, म्हणून दुसऱ्याच्या मांजराची उरलेली कॅप्सूल चालणार नाही. आणि माणसांच्या औषधांना हातच लावू नका; पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

गाडीत कॅरिअर सीटबेल्टनं बांधा, वरून पातळ कापड टाका, हवा खेळती ठेवा. कितीही केविलवाणं ओरडलं तरी चालत्या गाडीत दार उघडायचं नाही. दर दोन-तीन तासांनी गाडी थांबवून, काचा बंद ठेवून पाणी दाखवा. बंद उभ्या गाडीत मांजराला एकटं ठेवू नका, सावलीतही नाही.

नव्या घरात: एक खोली, एक वाटी

सामान उतरत असताना मांजर सरळ एका बंद खोलीत. तिथे जुन्या घरातल्या सारखीच मांडणी करा: वाटी भिंतीशी, पाणी थोडं लांब, ट्रे समोरच्या कोपऱ्यात. ट्रेमध्ये जुनं मूठभर लिटर मिसळा. लपायला जागा द्या. कॅरिअर दार उघडून तसंच ठेवलं तरी चालतं. आधीच्या रहिवाशांनी ठेवलेल्या कुंड्या आत घेण्याआधी बघा. लिलीची पानं, फुलं, नुसता पराग अंगाला लागून चाटण्यात गेला तरी मांजराची मूत्रपिंडं बंद पडतात.

पहिलं जेवण नेहमीच्याच वेळेला, नेहमीच्याच माणसानं वाढावं. मग खोलीबाहेर जावं, किंवा जमिनीवर बसून पुस्तक वाचावं. ‘खा ना, खा ना’ करत वाटी नाकाशी नेऊ नये. घाबरलेली मांजरं बहुधा रात्री, घर शांत झाल्यावर जेवतात. सकाळी वाटी मोजा, अंदाजानं सांगू नका.

खात नसेल तर ओलं खाणं अंगाच्या उबेइतकं, म्हणजे साधारण अडतीस अंशांपर्यंत, कोमट करा. मांजराची भूक वासावर चालते आणि फ्रिजमधल्या गार खाण्याला वास नसतो. पसरट ताटलीत थोडंसंच वाढा, तासाभरानं उचला, पुन्हा ताजं द्या. समोर सुकून पडलेला ढीग बघून उरलीसुरली भूक जाते.

दोन गोष्टी करू नका. चव यावी म्हणून घरातलं सूप, रस्सा किंवा बाळांचं तयार खाणं वर ओतू नका. त्यात कांदा-लसूण किंवा त्यांची पूड असू शकते आणि त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि सिरिंजनं जबरदस्तीनं भरवू नका. अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका आहेच, शिवाय ते खाणं नि तुम्ही, दोघंही नावडते होता. साधं उकडलेलं मांस एक-दोन वेळा, पथ्यात बसत असेल तर आणि डॉक्टरांना विचारून. त्यावर दिवस काढता येत नाहीत. टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडलं की मांजराचं हृदय दुबळं होतं हे १९८७ साली स्पष्ट झालं, त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात ते वाढवलं गेलं. घरच्या उकडलेल्या तुकड्यांत तो हिशेब कोणी केलेला नसतो.

चोवीस तासांत काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना फोन. मधुमेही मांजरानं एक जेवण चुकवलं तरी फोन. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधं आहेत. मिर्टाझॅपिनचं तर कानाच्या आतल्या बाजूला लावायचं मलमही मिळतं. गोळी बघून पळणाऱ्यांसाठी ते वरदान आहे.

घरात दुसरी मांजरं असतील तर ही खोली सगळ्यांची करू नका. पथ्याचं जेवण बंद दाराआड, पंधरा-वीस मिनिटं, मग वाट्या उचलायच्या. उपाशीपोटी दिवस काढलेली मांजरं दुसऱ्याच्या वाटीवर डोळा ठेवून असतात, आणि त्यांना त्याचा दोष देता येत नाही.

पुढचे आठवडे

मायक्रोचिपच्या नोंदीतला पत्ता नि फोन पहिल्या दोन दिवसांतच बदला. बाहेर फिरायची सवय असलेल्या मांजरालाही निदान तीन आठवडे आतच ठेवा, नाहीतर ते जुन्या घराच्या शोधात निघतं. खिडक्यांच्या जाळ्या हातानं ढकलून बघा.

नव्या डॉक्टरांकडे पहिली भेट आजारपणाची नसावी. महिनाभरात, मांजर रुळल्यावर, जुने अहवाल घेऊन जा. मूत्रपिंड किंवा मधुमेह असेल तर रक्त-लघवीची तपासणी करून घ्या, म्हणजे या धावपळीत काय बिघडलं, काय टिकलं, ते आकड्यांत कळेल. दर आठवड्याचं वजन सुरूच ठेवा.

खोलीचं दार कधी उघडायचं? मांजर दिवसाउजेडी, तुमच्यासमोर जेवायला लागलं आणि दाराशी येऊन पंजानं खाजवायला लागलं की. कबरीला पहिल्या वेळी अकरा दिवस लागले, दुसऱ्या वेळी चार. दार उघडलं तरी वाटी मात्र आतच राहू द्या. बाहेर बावचळलं तर मांजर पळत परत येतं ते त्या वाटीपाशीच. तिची कायमची जागा स्वयंपाकघरात ठरली असली, तरी तिकडे रोज हात-दोन हातच सरकवायची, आणि ज्या दिवशी वाटीत काही उरेल त्या दिवशी होती तिथेच ठेवायची.